ताज्या दुधाची रांग

बर्लिनच्या रशियन भागात, रेशनसाठी नाव नोंदवायच्या रांगेत गुद्रुनला हसू आवरेना. १९४८ साली रशियनांनी शहराच्या पश्चिम भागाकडे जाणारे रस्ते बंद केल्यापासून तिथलं खाणं अमेरिकी आणि ब्रिटिश विमानांतून यायचं. इकडे नाव लिहिलं की ताजं दूध मिळायचं. आणि तिच्यापुढे पश्चिमेच्या दोन शेजारणी अचानक समोरासमोर आल्या होत्या!

"अगंबाई, लेमकेबाई! तुम्ही इथे?"

"हळू बोला हो."

"परवा सभेत 'उपाशी मरू, पण रशियनांचा घास नको' असं कोण ओरडलं?"

"मीच."

"आणि मी नुसतं इथे यायचं म्हटलं, तर माझ्या दारावर खडूनं 'रशियनांना विकली गेली' असं कुणी लिहिलं?"

"तेही मीच. आज पुसते."

"राहू द्या. आता स्वतःच्या दारावर लिहा."

"नातवाला पावडरीचं दूध पचत नाही हो, ग्रूबरबाई. पोर वाळून चाललंय."

ग्रूबरबाई मागे गुद्रुनकडे वळल्या.

"हसतेस काय गं? तू कुठली?"

"मी? इथलीच!" गुद्रुन झटकन म्हणाली.

"नशीबवान आहेस. तुला तोंड लपवायला नको."

दोघींची नावं लिहून झाली, तरी त्या खिडकीपाशीच रेंगाळल्या.

"पुढची! राहणार कुठे?" कारकुनानं विचारलं.

गुद्रुन पुटपुटली.

"मोठ्यानं बोल!"

"पश्चिमेला. ब्रिटिश भागात."

लेमकेबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडून तिच्यापुढे धरला.

"घे, बांध. ट्राममध्ये आपल्याकडचं कुणी भेटलं तर?"