निळ्या चौकडीचा शर्ट

नाही हो ताई, ती गोधडी नाही द्यायची. तिच्या खालची बघा – पिवळ्या-हिरव्या चौकोनांची, तीच तुमची. तान्ह्या बाळाला शोभेल, वजनालाही हलकी झालीय. ती निळी? ती कुणाची ऑर्डर नाही, पण विकायचीही नाही. बसा ना, उभ्या का? खुर्चीवरचं कातरण खाली ढकला, काही होत नाही. तुमच्या गोधडीच्या कडेचे थोडे टाके राहिलेत, ते घालते आणि लगेच देते. फक्त जरा हळू बोलू या – आत सासूबाई झोपल्यात. दुपारची झोप मोडली की संध्याकाळपर्यंत माझी खैर नसते.

तुकडे त्याच जोडतात बरं का. हो, सगळे. मी कापते, इस्त्री करते, रंग लावून देते – म्हणजे कुणाशेजारी कोण बसायचं ते ठरवून गठ्ठे करते – आणि त्या हाताने चौकोनाला चौकोन जोडतात. मग अस्तर, मधला थर, वरून धावदोरा, ते पुन्हा माझ्याकडे. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही त्यांना. उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते, बस. सुया मी ओवून ठेवते, रांगेने उशीला टोचून. पण बोटं – बोटांचं काय सांगू तुम्हाला. माझा एक टाका तिरका गेला की बोट फिरवून म्हणणार, "हे काय, गाडी चुकत होती का तुझी?" बाकी काही दिसत नाही, माझं चुकलेलं तेवढं बरोबर दिसतं. हसा, हसा. मीही हसायचे.

घरात? आम्ही दोघीच. आमचे हे बाहेर होते कामाला – इमारतींच्या कामावर, समुद्रापलीकडे. वर्षातून एकदा यायचे, पाहुण्यासारखे. कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो ते विसरलेले असायचे, आणि लक्षात यायला लागलं की निघायची वेळ व्हायची. धड भांडायलाही सवड मिळाली नाही आम्हाला. रविवारी फोन यायचा. आधी आईशी बोलणार, मग माझ्याशी – आईशी जास्त, खरं सांगते, आणि मला त्याचं वाईटही वाटायचं नाही, कारण माझ्याशी बोलताना ते बहुतेक गप्पच असायचे. तिकडचे गाड्यांचे आवाज यायचे, मी ऐकत बसायचे. मला आवडायचं ते.

"होते" म्हणाले ना मी? हो. म्हणाले खरं. – मग सांगतेच आता. नको नको म्हणू नका, अर्धवट ऐकून गेलात तर तुम्हालाच चुटपुट लागेल.

थंडी नुकती सुरू झाली होती. मी इथेच इस्त्री करत होते, तर फोन आला. त्यांच्याबरोबर काम करणारा कुणीतरी, नाव सांगितलं त्याने पण माझ्या ध्यानात राहिलं नाही. परांची कोसळली म्हणाला. हे वरच होते म्हणाला. मी म्हटलं, "बरं." तो थांबला, त्याला वाटलं मला ऐकू नाही आलं, म्हणून बिचाऱ्याने पुन्हा सगळं सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "बरं." काय म्हणायचं असतं अशा वेळी? फोन ठेवला आणि राहिलेल्या तुकड्यांना इस्त्री केली. एकही जळला नाही. त्याचंच मला नंतर नवल वाटलं – निदान एखादा तरी जळायला हवा होता, नाही? आतून सासूबाईंनी विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, कापडवाल्याचा. ठरवून नाही हो, तोंडातून गेलं. आणि एकदा गेलेलं दुसऱ्या दिवशी परत कसं घ्यायचं? क्रियाकर्मही तिकडेच उरकलं त्या लोकांनी. शेजारीपाजारीही मी बोलले नाही. सांगायला गेलं की रडावं लागतं, आणि मला रडू येत नव्हतं. अजूनही आलेलं नाही. येईल म्हणता? बघू.

रविवार आला. सासूबाई फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या. मी म्हटलं, लाईन लागत नाहीये. पुढच्या रविवारी म्हटलं, तिकडे कामाची घाई चाललीय. खोटं बोलण्यात मी काही तरबेज नाही, पण त्यांना माझा चेहरा दिसत नाही ना – त्यामुळे सोपं गेलं.

मग एका ऑर्डरीत निळा कमी पडला. दुकानात जायचा कंटाळा आला मला. कपाट उघडलं तर यांचा शर्ट, निळ्या चौकडीचा, सुट्टीत आले की घालायचे तो. कात्री घेतली आणि कापला. काही वाटलं का? नाही वाटलं. पाठीत कापड सलग निघतं, बाह्यांत वाया जातं – एवढंच डोक्यात. चौकोन पाडले, बाकीच्यांत मिसळले आणि गठ्ठा सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. मी मशीनवर बसले. जोडता जोडता त्यांचा हात थांबलेला दिसला मला. एक चौकोन अंगठ्याखाली चोळत होत्या, उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. मी मशीन थांबवलं नाही. खाली कापडच नव्हतं, तरी पाय मारत राहिले. जरा वेळाने म्हणाल्या, "हे कुठलं?" मी म्हटलं, "ढिगातलं." "बरं," म्हणाल्या, आणि जोडला.

त्या रविवारी त्यांनी फोनजवळ खुर्ची ओढली नाही.

पुढे? पुढे काही नाही. सोमवारी म्हणाल्या, त्या दिवशीच्या ढिगातलं अजून असेल तर दे, मऊ होतं. मी पांढरा शर्ट कापून दिला. मग पट्ट्यापट्ट्यांचा. मग घरातल्या विजारी. ऑर्डरवाल्या बाईंना दुसरं कापड आणून वेगळी करून दिली मी, आणि ही निळी आपली वाढत गेली. आम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाही. दूध उतू गेलं, वरच्या मजल्यावरचे लोक दारं किती आपटतात, सगळं बोलायचो – तेवढं सोडून. रंग लावून देणंही मी सोडलं, हाताला येईल ते द्यायचे. म्हणून तर त्या कोपऱ्यात दोन सारखेच शेजारी आलेत. तुम्हाला तेच छान वाटलं ना मघाशी? ते चुकलंय, ताई.

शेवटी कपाटात लोकरीचं जाकीट तेवढं राहिलं. जाडजूड, त्याचे काय तुकडे पाडणार. मी ते तसंच अख्खं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कॉलर चाचपली, बटणांवरून हात फिरवला, एका खिशात हात घातला तो तिथेच ठेवला. आणि म्हणाल्या, "कधी?" मी सांगितलं. "कसं?" तेही सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील, मला बोल लावतील – लावायलाच हवा होता, आईपासून लपवलं म्हणजे काय. पण नाही. एवढंच विचारलं,

"जेवला होता का?"

आता मला काय माहीत? फोनवरच्या माणसाला मी विचारलंच नव्हतं. इतकं साधं, पण सुचलंच नाही. मी म्हटलं, "हो, जेवले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर झालं ते." त्यांनी मान हलवली. जाकीट स्वतःच्या अंगात घातलं, बाह्या दुमडल्या आणि म्हणाल्या, "सुई ओव."

अहो – अहो ताई, तुम्ही कशाला? थांबा, हा तुकडा घ्या, सुती आहे, धुतलेला आहे. डोळे पुसा. तुमच्याकडे आनंदाचं कार्य आहे, आणि मी मेली काय घेऊन बसले. ही बघा, झाली तुमची. पहिल्यांदा गार पाण्यात धुवा, आणि वाळत घालताना उलटी टाका, म्हणजे रंग उडायचे नाहीत.

श्श. – हो आई, आले. नाही, कुणी नाही, गोधडी न्यायला आल्यात. – निघा तुम्ही आता. पिशवी विसराल. जिन्यात अंधार असतो, कठडा धरून उतरा.