मार्चमधलं चित्र

पहिला नंबर आला की माणूस खूश होतो म्हणता, तर माझं ऐका. सत्तरचं दशक संपत आलं होतं. उपग्रहाने काढलेली चित्रं संगणकावर कशी वाचायची, ते शिकायला मला आमच्या सरकारी खात्याने मुंबईला पाठवलं. पाणी कुठलं, जंगल कुठलं, शेत कुठलं, हे प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणावरून ठरवायचं. परीक्षेला सरांनी नेमका मावळचा तुकडा दिला.

पवना धरणाचं पाणी लगेच सापडलं. त्याच्या वरच्या डोंगरात आमची वाडी, आणि उतारावर माझ्या वडिलांची, आबांची, नाचणीची वावरं. संगणकाने तिथं ‘पडीक’ छापलं होतं.

“सर, इथं नाचणी पिकते,” मी म्हणालो.

“चित्र कुठल्या महिन्याचं आहे?”

“मार्चचं.”

“मार्चमध्ये तिथं काय असतं?”

“काही नसतं. नाचणी निघाल्यावर मोकळं रान.”

“मग बरोबरच आहे की!”

मी ‘पडीक’ तसंच ठेवून नकाशा सरांना दिला. सरांशी वाद घातला तर नंबर जाईल, अशी भीती वाटली. नंबर आला. माझा नकाशाही पुढे खात्याकडे गेला.

दोन वर्षांनी घरी गेलो, तर आमच्या वावरांत खड्डे खणून निलगिरी लावलेली. सरकारी माणसांनी आबांना तोच नकाशा दाखवून गप्प केलं होतं.

आबा बांधावर बसले होते. म्हणाले, “तू ह्यातलंच शिकलास न्हवं? मंग सांग, आमच्या रानाला पडीक कुनी लिवलं?”

“मुंबईच्या सायबांनी,” मी म्हणालो.