सहासष्ट वर्षांचं तान्हं बाळ

(मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. यवतमाळचं एक मोठं हॉस्पिटल आहे. तळमजल्यावर सरकारी योजनेची खिडकी, खिडकीमागे संगणक आणि संगणकामागे शाम राठोड. खिडकीपुढे ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावरून आलेली रामीबाई. अंगावर तिने नुसती मऊ सुती चादर घेतली आहे, कारण घट्ट कापड घासलं की तिच्या अंगावरचे फोड फुटतात. शेजारी नात जया, सहावीत शिकणारी. दोघी या खिडकीवर आज तिसऱ्यांदा आल्या आहेत. दिसलं सगळं? आता मधे बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं.)

शाम : परत आलंय म्हणजे परत आलंय, आजी. इंजेक्शनला मंजुरी नाही. यंत्रानेच नाकारलं, त्याला मी काय करू?

रामीबाई : काहून नाकारलं, बावा? पयल्या खेपीले म्हनला, आधार कार्डाची झेरॉक्स आन. आनली. दुसऱ्या खेपीले म्हनला, वयाचा दाखला आन. तोबी आनला. आता काय माह्या बारशाचा फोटो आनू?

शाम : वय जुळत नाही असं येतंय.

रामीबाई : कोनासंग जुळवून राह्यला? सोयरीक कराची हाय काय माही?

जया : दादी, तू नको ना बोलू. तोंडातल्या जखमा उलतात. काका, यंत्रानं काय लिहून पाठवलं ते वाचून दाखवा ना.

शाम : तुला काय कळणार त्यातलं? इंग्रजी आहे ते.

जया : नाही कळलं तर विचारीन.

शाम : ऐक मग. "रुग्णाचे वय अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त आहे. सदर आजारासाठी अपात्र." झालं समाधान?

रामीबाई : किती दिवस म्हंते?

जया : अठ्ठावीस.

रामीबाई : अन् मले सहासष्ट वर्सं झाले. जरासाच उशीर झाला म्हना की, बावा! एस्टी लेट होती, नाई तर टायमावर पोचली असती.

शाम : आजी, मस्करी करू नका. मागे रांग लागलीय.

जया : मस्करी नाही काका. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दोन वाजेपर्यंतच पलंग राखून ठेवता येईल. मंजुरी आली तर आज इंजेक्शन, नाही तर पलंग दुसऱ्याला. पाच दिवस झाले, दादीनं भाकर खाल्ली नाही. ताकसुद्धा झोंबतं तिला. आता एक वाजून दहा मिनिटं झाली.

शाम : घड्याळ मलाही दिसतं. मी काही बसून राहिलो नाही. तीनदा पाठवलंय प्रकरण.

जया : तिन्ही वेळा तेच पाठवलं?

शाम : मग दरवेळी वेगळं पाठवायचं असतं का?

रामीबाई : खरं हाय त्याचं. पोरगं तीनदा त्याच भिंतीवर धडकलं. आता भिंतीनंच सरकाले पायजे.

जया : काका, आजाराचं नाव कसं टाकता तुम्ही?

शाम : नाव टाकतच नाहीत मुळी. संकेतांक टाकतात. जगातल्या प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि आकडे दिलेत. डॉक्टर नाव लिहितात, आम्ही संकेतांक लावतो. यंत्राला नाव कळत नाही, संकेतांक कळतो. सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं त्याचं, उगाच नाही.

जया : मग दादीला कोणता लावला?

शाम : एल शून्य शून्य.

जया : तो कसा शोधला?

शाम : सोपं आहे. इथे आजाराच्या नावातलं नुसतं "पेम्फि" एवढं टाइप केलं की खाली यादी उघडते. यादी आकड्यांच्या क्रमाने लागते. त्यातलं पहिलं घ्यायचं. दिवसाला ऐंशी फायली असतात पोरी, प्रत्येकीसाठी पुराण वाचत बसलो तर संध्याकाळ होईल.

जया : आणि पहिल्याचं पूर्ण नाव काय आहे?

शाम : पेम्फिगस निओनॅटोरम.

जया : म्हणजे?

शाम : म्हणजे... पेम्फिगस.

जया : आणि निओनॅटोरम म्हणजे?

शाम : नवजात बाळाचा.

रामीबाई : घ्या! तरीच त्या दिशी वारडातली सिस्टर मले पाहून म्हने, बाळ कुठं हाय. मले वाटलं, जयाचं विचारून राह्यली.

शाम : हे पाहा, डॉक्टरांनी नीट लिहायला हवं होतं.

जया : लिहिलंय ना. हा तपासणीचा कागद बघा. कातडीचा तुकडा काढून तपासला, त्याचा. पेम्फिगस व्हल्गॅरिस. दोन्ही शब्द छापलेत.

शाम : हा कागद फायलीत खाली होता.

रामीबाई : खाली होता म्हंते. फाईल उलटाले बी मंजुरी लागते काय तुमच्यात?

जया : दादी! ...काका, अजून एक. फायलीवर हा लाल कागद कशाला चिकटवला?

शाम : संसर्गजन्य म्हणून. एल शून्य शून्य हा जंतूंमुळे होतो, पसरू शकतो. संकेतांक टाकला की लाल चिठ्ठी आपोआप छापून येते.

रामीबाई : तवाच तू खुर्ची तीन हात लांब ठेवतं. मी बसली की बाटलीतलं पानी हाताले चोळतं. अन् वारडाभायेर मले जिन्याखाली टाकलं, दोन राती. मी म्हनली, मोठं हास्पिटल हाय, आपल्याले येगळी खोली देली.

जया : पण दादीचा आजार लागत नाही कोणाला. मॅडमनी मला वहीत चित्र काढून दाखवलंय.

शाम : वहीत?

जया : हो. बघा, आपली कातडी म्हणजे विटांची भिंत. विटा एकमेकींना धरून राहतात, कारण मधे चिखल असतो. आपल्या अंगात राखणदार असतात, ते बाहेरून आलेल्या जंतूंना मारतात. दादीचे राखणदार चुकले. त्यांना हा चिखलच चोर वाटला. ते तो उकरत सुटले. विटा सुट्या झाल्या, मधे पाणी भरलं. तोच फोड. आधी तोंडात आले, मग पाठीवर. जंतू नाहीतच यात. मग लागेल काय?

रामीबाई : घरच्याच पहारेकऱ्यानं घर फोडलं, अन् पाव्हन्यावर आळ घेतला.

जया : आणि इंजेक्शन कशाला, तर असे चुकलेले राखणदार ज्या पेशींकडून तयार होतात, त्यांना थांबवायला. नुसत्या गोळ्यांनी थांबले नाहीत ते. म्हणून आज पाहिजे.

शाम : हे सगळं बरोबर असेल. पण संकेतांक बदलायचा म्हणजे सुधारणा अर्ज. त्यात कारण लिहावं लागतं. चूक कोणाची ते लिहावं लागतं.

रामीबाई : लिव्ह ना. माह्यीच लिव्ह. म्हना, बाई वेळेवर तान्ही राह्यली नाई.

शाम : आजी...

रामीबाई : छातीवर पाटी हाय तुह्या. जया, काय लिवलं हाय?

जया : शाम राठोड.

रामीबाई : राठोड! कोन्या तांड्याचा रे?

शाम : पुसदकडचा. त्याचा इथे काय संबंध?

रामीबाई : काईच नाई. तुह्या तांड्यात कोनी बुढी आजारी पडली त तिलेबी पाळन्यात टाकशील, एवढंच इचारून ठेवलं.

जया : काका, ती यादी अजून उघडी आहे. थोडं खाली सरकवा ना. एल दहा. तिथे खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय.

शाम : "यात समाविष्ट नाही : नवजात बाळाचा पेम्फिगस. त्यासाठी पाहा, एल शून्य शून्य."

जया : म्हणजे दोन्ही वेगळे आहेत, हे यादीतच लिहिलंय. फक्त खाली सरकवायचं होतं.

शाम : बरं बरं. शिकवू नकोस मला. एल दहा दशांश शून्य. पेम्फिगस व्हल्गॅरिस. हे टाकलं.

जया : आणि कारण?

शाम : "संकेतांक निवडताना लिपिकाकडून चूक." लिहिलं. वाच, हवं तर.

रामीबाई : अक्षर बरं हाय का गं?

जया : टाइप केलंय, दादी.

शाम : आता शेवटचं काम. सुधारित प्रकरणाला रुग्णाचा अंगठा लागतो. तो लागला की जातं, दहा मिनिटांत उत्तर येतं. अंगठ्यावर फोड नाही ना?

जया : नाही. हात चांगले आहेत.

शाम : थांबा. आधी अंगठ्याच्या यंत्राच्या काचेला प्लास्टिकची पन्नी लावतो.

जया : पन्नी? आत्ताच तर तुम्ही स्वतः टाकलं, संसर्ग नाही म्हणून. लाल चिठ्ठीपण गेली.

शाम : टाकलं ते टाकलं. खबरदारी वेगळी. हं, ठेवा आजी.

रामीबाई : ठेवला.

शाम : जुळत नाही म्हणतंय. जोरात दाबा.

जया : जोरात नको! दाबलं की कातडी सुटते तिची.

शाम : मग अलगद ठेवा. ...पुन्हा नाही. आता एकच संधी राहिली. तिसऱ्यांदा चुकलं तर आजच्या दिवसाला बंद होतं.

रामीबाई : काचेले माहा अंगठा दिसंल तवा ना बावा. मधात तुह्या भेवाचा पडदा हाय.

शाम : एक पंचवीस झालेत. काय करायचं ते लवकर सांगा. ...अगं ए, जया! पन्नी का काढलीस? कुठे टाकली?

जया : तुमच्या टोपलीत.

शाम : आणि तिचा हात का धरून ठेवलायस?

जया : अंगठा न दाबता सरळ टेकावा, म्हणून. बघा काका, जुळला.