नावेचं रिकामं टोक

(तळेघर, शिवरात्रीच्या जत्रेचा दुसरा दिवस. कुशाबाई ओसरीवर नाचणी निवडतेय, तिची लेक मंगल जवळ बसलीय. मंगलचा नवरा गोरख नुकताच आलाय.)

कुशाबाई : पावणं, काल जत्रंतल्या पिच्चरातली ती परी शेवटाला आली का नाय, तेवढं सांगा. मला तंबूतच झोप लागली.

गोरख : नाय आली. नावाडी नावंच्या रिकाम्या टोकाकडं बघून येड्यावानी हसला, आन् पिच्चर खलास. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मंगल : आली की.

गोरख : कुठं? डोळं उघडं ठिवून बसलो व्हतो मी.

मंगल : कंदील हलला, तो नाय दिसला?

गोरख : वाऱ्यानं हलला आसंल.

मंगल : वारा कुठला? झाडाचं पान हलत नव्हतं. सुरुवातीला परी नावंत बसती, तवा आधी ती दिसतच नाय. नावंचं टोक दबतं, टोकावरचा कंदील हलतो, मग ती दिसती. शेवटालाबी टोक दबलं, कंदील हलला. फकस्त तिला दावली नाय.

कुशाबाई : मग दावायची की. एवढी माणसं डोंगर उतरून आलेली.

मंगल : दावली आसती तर नुसती आली आसती, आये. आता ती आली हे आपण वळखलं.

कुशाबाई : तुझं आपलं कायतरीच.

मंगल : कायतरी नाय. पिच्चरभर नावाडी एका टोकाला बसतो आन् पडद्याची डावी बाजू मोकळी. बाजाराच्या दिशी नाव माणसांनी भरती, तरी तिथं कुणाला बसू देत नाय. उगंच का?

गोरख : उजवी बाजू मोकळी व्हती.

मंगल : डावी.

गोरख : मी काय आंधळा हाय?

कुशाबाई : आता ह्याच्यावरनं नका भांडू. तुमी बाप्ये पडद्याच्या म्होरं, आमी बाया मागं. आमाला उलटंच दिसायचं. लगीन झाल्यापास्नं तेच चाललंय.

गोरख : बरं. मोकळी व्हती, एवढं खरं.

मंगल : मग सुरुवातीचा कंदील कसा नाय दिसला तुमाला?

गोरख : सुरुवातीला मी पिच्चर बघतच नव्हतो.

मंगल : मग काय बघत व्हता?

गोरख : बाया आत शिरत व्हत्या तिकडं. तू आली का ते.

कुशाबाई : मी जरा परड्यातनं मिरच्या तोडून आणते.

मंगल : आले व्हते मी.

गोरख : मागनं कळलं. पडद्यामागं खोकलीस.

मंगल : तंबूत समदेच खोकत व्हते.

गोरख : तुझं खोकणं वळखतो मी.

मंगल : दिवाळीला इकडं येताना तुमीच म्हणला व्हता, खुशाल रहा माह्यारी, तुझ्यावाचून काय अडत नाय.

गोरख : म्हणलो व्हतो.

मंगल : मग अडलं का काय?

गोरख : भात झोडून झालं. म्हस मी पिळतो. तसं काय अडलं नाय.

मंगल : मग कशाला आला?

गोरख : तुझा पाट भितीला उभा केलेला. सांजच्याला मी तो मांडला, चुलीपाशी, तू बसायची तिथं. आई म्हणली, उचल, पायात येतो. नाय उचलला. शेजारचा सावळेराम आला, त्याच्यावर बसाया लागला, त्याला घोंगडीवर बसवला.

मंगल : कालचा पिच्चर बघून हे सुचलं व्हय?

गोरख : पिच्चर काल बघितला. पाट दिवाळीपास्नं मांडतोय.

मंगल : आन् नावाड्याला येडा म्हणता.

गोरख : येडाच तो. परीला एका शब्दानं म्हणला नाय, का तुझ्याबिगर करमत नाय. नुसता नाव वल्हवत बसला.

मंगल : तुमी तरी कुठं म्हणला?

गोरख : आता म्हणतो. लई अडलंय मंगल. घरी चल.

मंगल : पुन्यांदा तसं बोलला तर?

गोरख : राग आला का तोंडातनं जातं माझ्या. पन पाट उचलणार नाय, एवढं सांगतो.

कुशाबाई : मंगल, मिरच्या घे गं. आन् सांजच्याला भाकरी किती जणांच्या थापायच्या?

मंगल : तुझ्यापुरत्या थाप आये. माझा पाट तिकडं मांडलेला हाय.