पालथा हात

न्हाय न्हाय, अक्का, खिडकी उघडीच ऱ्हाऊ द्या — मला गाडी लागत न्हाय, पर जीव घाबरा झालाय, वारं लागू दे जरा. तुमी मलकापूरलाच उतरणार न्हवं? मग बरं झालं. ही गाडी मधी किती ठिकाणी थांबती वो? त्यो कंडक्टर काय धड बोलंना. "मावशी, बसा की गुमान" म्हणतोय. बसतो की बाबा, बसल्याबिगर काय करणार — पर ड्रायव्हरला कुणीतरी सांगा की, एका बाईच्या लेकीच्या जिवावर बेतलंय. आजारी? न्हाय, आजारी न्हाय ती. सातवा म्हैना हाय, पर तब्येत ठणठणीत. दीप्ती नाव. मलकापुरात दिल्या, जावई धम्मपाल तिथं शाळंत मास्तर हाय. मी बायडाबाई, कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागं ऱ्हातो आमी. आन आज सकाळी लेकीच्या घराकडं एक वॉशिंग मशीन गेलंय, आमच्याच घरातनं. तिनं ते चालू करायच्या आदी मला पोचाय पायजे. कशी पोचणार वो? ते टेम्पोनं गेलंय, मी यस्टीनं.

तुमाला वाटंल, बाई येडी हाय, मशीनला भ्याली. भ्यालोय की. आवो, मशीनांच्यातच तर माझा संसार गेला. आमचं मालक — भाऊसो — मोटारी रिवायंडिंग करत्यात. जळलेली मोटार आणायची, नवी तार भरायची, फिरती करायची. त्येच्यातनं ह्यो नाद लागला. कुठल्यातरी बंगल्यावर पंप दुरुस्तीला गेल्तं, तिथं परसात एक जुनं विलायती मशीन पडल्यालं — आत कोंबड्या बसायच्या. घेऊन आलं घरला. मी म्हटलं, ह्या खुराड्याची काय पूजा घालायची हाय? मालक लागलं कामाला. गंज घासला, मोटार भरली, निळा रंग मारला, आन एका रविवारी माझीच दोन लुगडी आत टाकली. त्या मशीनच्या डोक्यावर दोन रबरी लाटणी हैत, त्येच्यातनं लुगडं असं चपटं होऊन बाहीर आलं, पापडावानी. हसलं, अक्का, ल्हान पोरावानी हसलं! मग काय — कुणी लष्करातला साहेब घर मोडून चालला, कुठल्या दवाखान्याचं जुनं सामान निघालं, की मालक हजर. कालपत्तोर मागच्या पत्र्याच्या शेडात चौदा हुती. खाटंला जागा न्हाय, पर मशीनांस्नी हाय. एकबी इकलं न्हाय कधी. घराबाहीर काढलं ते हेच पयलं — ते निळं, लाटण्यांचं. पोर पोटुशी, आन घरादाराचं धुणं उकिडवी बसून धुत्या, हे त्यास्नी बघवंना.

वाघबीळ गेलं न्हवं? गेलं. बरं.

आता ऐका. मशीन जुनं, आतल्या वायरी जुन्या, वायरीची साल भुगा होऊन पडत्या. एखादी वायर आतनं पत्र्याला टेकली की अख्ख्या मशीनला करंट. आन मोरीत तर पाणीच पाणी, पाय उघडं. म्हणून मालकांची रीत — मशीन झालं की चालू करायचं आन हाताची पालथी बाजू पत्र्याला हळूच लावायची. पालथीच, कारण तळहात लावला तर मूठ आवळून चिकटून बसत्या. खिशात टेस्टर हाय, पर त्येच्यावर भरवसा न्हाय. "टेस्टर फसवंल, माझा हात फसवणार न्हाय," म्हणायचं. आन खरं हाय ते, त्यो हात कधी चुकला न्हाय. काल सांजच्याला मी मशीन फडक्यानं पुसत हुतो, चालूच हुतं — आन बोटाला झिणझिण झालं. मुंगी चावल्यावानी. म्हटलं, "आवो, ह्येला करंट लागतोय." ते उठलं, पालथा हात लावला — असा — चांगला धरून ठेवला. म्हणालं, "काय न्हाय गं. तुझा हात वल्ला हाय, भास झाला तुला." मग मी काय म्हणणार? त्येंच्या हातापुढं माझा हात काय? मला वाटलं, माझाच खोटा.

आन आज सकाळी आकारामचा टेम्पो मशीन घेऊन गेला. मालक कोपऱ्यापत्तोर जाऊन हात हलवून आलं. घरात आलं, स्टोवर च्या उकळत हुता, आन बोलता बोलता त्येंनी पातेलं उचललं. फडकं न्हाय, सांडशी न्हाय. उचलून धरलं आन बोलतच ऱ्हायलं — दीप्ती कशी खूश हुईल, बाळाची दुपटी कशी धुयाची — मी आपली ऐकतोय, आन वास आला, अक्का. कातडं जळल्याचा. त्येंच्या त्वांडावर काय न्हाय! हसत्यात! मी पातेलं हातातनं पाडलं, सगळा च्या सांडला, तवा त्येंनी आपल्या बोटांकडं बघितलं, आन मग माझ्याकडं. साखर हाय त्यास्नी, गोळ्या कवा घेत्यात कवा न्हाय. मी म्हटलं, "कवापास्नं?" खाली मान घातली. म्हणालं, "दिवाळीपास्नं." दिवाळीपास्नं! हात मेल्याला, आन त्येच हातानं लेकीचं मशीन तपासलं. माझी मुंगी खरी हुती, अक्का. खरी हुती.

"कुणाला बोलू नगंस," म्हणालं. कारागिराचा हात गेला म्हटल्यावर कोण येणार दारात? मी व्हय म्हटलं. आन बघा, तुमाला सगळं सांगून बसलो. इसरून जावा तुमी. भाऊसो नावबी इसरून जावा.

फोन? केला की. दीप्तीच्या घरात फोन न्हाय, शेजारी पिराजीच्या किराणा दुकानात हाय. दोघंबी पळत यस्टीडी बूथवर गेलो. लागतोय लागतोय आन कट. लागतोय आन कट. शेवटी मी म्हटलं, तुमी हितं नंबर फिरवत बसा, मी गाडी धरतो. बसल्यात तिथं, भाजल्याल्या बोटानं बटणं दाबत. आता मी एवढंच मागतोय — आज मलकापुरात लाईट गेल्याली असू दे. एरवी शिव्या घालतोय लाईट गेली की, आज जाऊ दे. हे बांबवडं का? त्या हाटेलातला पंखा फिरतोय का बघा की, मला लांबचं दिसत न्हाय. बंद हाय? नीट बघा. खरंच बंद हाय? माझ्या हातावर हात ठेवा जरा. डोळं मिटलं की मला तिचं पाय दिसत्यात, वल्ल्या फरशीवर, सुजल्यालं. लग्नाआदी घरात चप्पल घालून हिंडायची, मी वरडायचो, काढ गं ती चप्पल! आता म्हणतोय, घाल गं बाई, घाल, झोपतानाबी घाल.

आन — जवळ या, मोठ्यानं बोलायचं न्हाय हे — लेकीची भीती हायच, पर तिला काय झालं तर हे मागं ऱ्हाणार न्हाईत. सकाळी पातेलं पडल्यावर त्येंचं डोळं बघितल्यात मी. शेडात तेरा मशीनं हैत, आन घरात दुसरं कुणी न्हाय. निघताना मी शेडाचा फ्यूज काढला, पदरात बांधून आणलाय. ही गाठ. च्च, उगंच दाखवलं तुमाला. बांधून घेतो.

थांबा. ते काय वाजतंय? ते — टुकटुक टुकटुक — पिठाची गिरणी न्हवं ती? गिरणी चालू हाय! म्हंजे लाईट हाय मलकापुरात. आली वो लाईट! ओ ड्रायव्हर, आवो दादा, हाणा की गाडी! सरका, मला उभी ऱ्हाऊ द्या — पडत न्हाय मी — स्टँड आलं का? कुठाय? ती कोण? पिवळ्या साडीतली, कमरंवर हात ठेवल्याली — दीप्ती हाय. उभी हाय. अक्का, उभी हाय की वो माझी दीप्ती!

दीप्ते! ए दीप्ते! मशीन कुठाय? मोठ्यानं बोल, इंजान चालू हाय अजून. पाणी भरून ठेवल्यालं? आन? पिन लावून लाईटची वाट बघत बसल्यालीस? मशीनवर हात ठेवून? — आगं बाई — आन मग? पिराजी पळत आला? फोन लागला त्येला?

लागला, अक्का. मालकांचा फोन लागला, मी यस्टीनं निघालोय हेबी सांगितलं त्येंनी, म्हणून ही स्टँडवर. ती म्हणत्या, नीट ऐकू येईना म्हणून बाबा वरडत हुतं, दुकानातल्या समद्या गिऱ्हाइकांस्नी ऐकू गेलं. "माझी बोटं मेल्यात! माझ्या हाताला काय कळत न्हाय! पोरीला मशीनपास्नं लांब करा!" असं वरडलं. मला कुणाला सांगू नगं म्हणणारा माणूस. बूथवर तर रांग हुती, समदी वळखीची, आमच्याच पेठंतली...

रडत्या ती. मशीनचं काय इचारीना. बाबांच्या हाताला काय झालंय, तेवढंच इचारत्या.

न्हाय, तुमी काय बोलू नगा आता. परतीची गाडी कवा हाय तेवढं — ऱ्हाऊ द्या, मी इचारतो. सरका अक्का. उतरू द्या मला.