व्याह्यांच्या गाडीचा ब्रेक

खरं सांगू? बाहेर शिकत असताना मला वाटायचं, गाडी सदोष निघाली की मालक चवताळून उठतात. अकोल्याला परत येऊन पाहिलं, तर इथे मालकच गाडीला सांभाळून घेतात.

आमच्या हायब्रिड गाडीचा ब्रेक खड्ड्यावरून जाताना क्षणभर लागतच नाही. शोरूमवाले म्हणाले, "सवय होईल." बाबा वकील, उभा जन्म लोकांच्या तक्रारी लिहिण्यात गेलेला. म्हणून मी गाडीच्या कंपनीकडे तक्रार लिहून चहाबरोबर त्यांच्यापुढे ठेवली.

"सही करा, बाबा."

"काहून? मी थोडा आधीच दाबतो ना ब्रेक."

"आणि समोर अचानक लेकरू आलं तर?"

बाबांनी चहा बशीत ओतला. "तुह्या ताईच्या सासऱ्याले हीच गाडी घ्याले मीच लावली. आता व्याह्याले कोन्त्या तोंडानं सांगू?"

मी उठून अमरावतीला ताईला फोन लावला. "तुमच्या गाडीचा ब्रेक बरा आहे ना गं?"

"कुठचा बरा! परवा दर्यापूरच्या रस्त्यावर बैलगाडीत घुसता घुसता वाचली मी. पन बाबाले सांगू नको हं. त्याईनं हौसेनं घ्याले लावली, उगाच वाईट वाटन."

फोन ठेवला. आतून बाबांनी विचारलं, "ताईले काही सांगतलं तं नाही ना?"

सकाळी उठून मी तक्रार माझ्याच सहीनं पाठवली, दोन्ही गाड्यांचे नंबर घालून. एक प्रत बाबांना दिली, एक ताईला पाठवली आणि एक थेट तिच्या सासऱ्यांना.