भोंग्याच्या कानात

नाही गं, अशी नाही धरायची चादर. अंगठा आत घाल आणि ताण दे, मी काही पडत नाही. हां. आता पुढे ये, कोपरे माझ्या हातात दे. हॉटेलातले पाहुणे एक रात्र लोळतात नि आपण जन्मभर त्यांच्या सुरकुत्या काढायच्या — ते असू दे. तू कालच आलीस, म्हणून सांगते. इथे धुणं-इस्त्री सगळ्यांना येते, तोंड कसं वापरायचं ते एकीला येत नाही. ती मशीनपाशी खिदळतेय ना, ती भोंगा. तिच्या कानात काही घाल, आपला गठ्ठा बांधून होईस्तोवर ते मोठ्या बाईंपर्यंत पोचलेलं असतं. सगळ्या तिला टरकून असतात. खुळ्या कुठल्या! अगं, फुकटचा पोस्टमन आहे तो — मजकूर तेवढा आपण द्यायचा. कळलं? नाही कळलं. कळेल.

मोठ्या बाई म्हणजे आपल्या सुपरवायझर, शिफ्ट लावतात त्या. त्यांचं एकच — ज्याला जे हवं ते त्याला द्यायचं नाही. इस्त्रीवालीनं खिडकीजवळचं टेबल मागितलं, गेली बॉयलरच्या शेजारी. आणि मागितलं कसं, तर डोळ्यांत पाणी आणून! अशानं कुणी देतं? दुसरी ती बारावी झालेली, तिनं अर्ज केला. अर्ज! बाईंनी त्यावर चहाचा कप ठेवला. मी सातवीच शिकले, पण पुढचं शिक्षण सासूबाईंकडे झालं ना — मला माहेरी जायचं असलं की मी म्हणायची, नको बाई, तिथे करमतच नाही मला — की दुसऱ्या दिवशी माझी पिशवी दारात!

आता माझंच बघ. सकाळच्या शिफ्टमध्ये एक जागा रिकामी झालीय, ती मला हवीय. हवीय म्हणजे — पाहिजेच. पोरगी अजून धड बसतसुद्धा नाही, आणि सासूबाई सोमवारपासून नणंदेच्या बाळंतपणाला. नवरा सकाळी घरी असतो, पण दुपारी तोही कामावर नि मीही इथे, मग लेकराला बघायचं कुणी? शेजारीण म्हणते ठेव माझ्याकडे. तिचं कुत्रं बघितलंस तू? तू कशाला बघशील. काल मला स्वप्न पडलं, पोरगी पाळण्यात नाही, आणि ते कुत्रं — जाऊ दे. धर नीट.

मग मी काय केलं? बाईंपुढे जाऊन रडले? छट्! भोंग्याला गाठलं नि म्हटलं, सकाळची शिफ्ट म्हणजे नुसती हमाली, लहान लेकराच्या आईला कशी झेपायची, मला लावली तर मी कामच सोडीन. तोंड असं केलं की तिलाच रडू येईल. निघालीच ती पाणी प्यायच्या निमित्तानं! बघ तू, आज फळ्यावर सकाळच्या शिफ्टला माझंच नाव लागतंय — मला छळायला म्हणून लावणार त्या! एवढ्या शिकलेल्या, नि नाकात वेसण कुणाच्या हातची? हसतेस काय?

हसत नाहीयेस. मग चेहरा असा का झालाय? बोल की. चादर लोळतेय खाली, वर घे.

तुला? सकाळची? कधी सांगितलं? आत्ता येताना? काय म्हणाल्या — लेकुरवाळी आहे, तिला सकाळचं झेपायचं नाही, तिला त्रास नको? असं म्हणाल्या? आमच्या बाई? आजवर कुणाची कीव आली नाही बयेला, नि आजच कुठून आली गं?

थांब. तुला दुपारची चालेल? म्हणजे मी मागत नाहीये. मी कुणाकडे मागत नाही. तूच जाऊन म्हण की — नको, तू काही म्हणू नकोस, तुला बोलता येत नाही. मीच जाते. सरळ जाते नि सांगते, बाई, पोरगीला बघायला कुणी नाही. त्यात काय एवढं? एवढंच तर —

आल्या. गप. कोपरे दे इकडे.

या ना बाई! छे हो, गप्पा कसल्या, हिला घडी शिकवतेय. हो, सांगितलं हिनं आत्ताच. बरं केलंत. फार बरं केलंत. पोरगी ना? तिचं काय, बघायला आहेत की घरात. मला आपली दुपारचीच बरी.